बर्फात अकरा डिग्री

उघडलेली मशीन बघायची सवय दीप्ती गमरेला लहानपणापासूनची. तिचे पप्पा, भीमराज गमरे, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचे. शाळा सुटली की ती दप्तर घेऊन तिथेच जायची. कुठल्या नळीला हात लावला की चटका बसतो आणि कुठल्या नळीवर दव धरतं, हे तिला सातवीतच ठाऊक झालं होतं. त्यामुळे सेकंड इयर मेकॅनिकलला थर्मोडायनॅमिक्सची लॅब सुरू झाली, तेव्हा वर्गातली बाकीची पोरं कपाळाला हात लावून बसली आणि ही एकटी खूश होती.

अंधेरीच्या तिच्या कॉलेजात लॅब तळमजल्यावर होती. आत शिरलं की डिझेलचा वास यायचा. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला हवेचा कॉम्प्रेसर, आणि खिडकीपाशी रेफ्रिजरेशनची रिग. फ्रिजची पाठ सोलून आतलं सगळं फळीवर मांडावं, तशी ती दिसायची. खाली पाण्याची टाकी आणि त्या पाण्यात गार होणारं नळीचं वेटोळं. मशीन चालू करायची, पाणी किती गार झालं ते बघायचं, तेवढ्यासाठी वीज किती लागली ते मोजायचं आणि दोन्हींचं गुणोत्तर काढायचं. त्याला सीओपी म्हणतात. आकडा मोठा तेवढी मशीन चांगली.

लॅब घ्यायला खानोलकर सर होते. पन्नाशीचे, आवाज कधी न चढवणारे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मला सुंदर जर्नल नको, खरं पाहिजे. समोर दिसेल ते लिहा. इंजिनीअरने आकडा बनवला की पुढे कोणाचा तरी जीव जातो." पोरांनी हे ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत सीनियरच्या जर्नलची पीडीएफ सगळ्यांच्या फोनवर पोचली. दीप्तीच्या मनात मात्र सरांचं वाक्य बसलं. असं बोलणारा मास्तर तिला पहिल्यांदाच भेटला होता.

तिचा लॅब पार्टनर होता सिद्धेश परब. बोरीवलीचा. वडील नव्हते. आई, प्रेमाकाकू, घराखालीच पोळीभाजी केंद्र चालवायची आणि हा सकाळी वीस-बावीस डबे पोचवून मग कॉलेजला यायचा. पहिलं लेक्चर त्याला कधी मिळालंच नाही. फर्स्ट इयरपासून दीप्ती त्याला नोट्स द्यायची, तो तिला शुक्रवारी घावणे आणून द्यायचा. दोघं एकमेकांना काहीही बोलू शकायची. वर्गातल्या काहींनी त्यावरून चिडवूनही पाहिलं, पण चिडवण्यासारखं काही नाही हे कळल्यावर तेच कंटाळले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांची रिगची पाळी आली. तासभर मशीन चालली, सिद्धेशने स्टॉपवॉच धरलं, दीप्तीने तापमानं लिहून घेतली. हिशेब केला तर सीओपी आला एक पूर्णांक सात.

सिद्धेशने मान वाकडी करून वहीत बघितलं. "वाट लागली. सगळ्यांचा तीन पॉइंट बेचाळीस येतो."

"येतो कुठे? सगळे लिहितात."

"मग आपण पण लिहू ना यार. प्रॉब्लेम काय आहे?"

"प्रॉब्लेम हा आहे की मशीन इतकी वाईट नाहीये. मघाशी नळीवर कसं दव धरलं होतं बघितलंस ना? गॅस नीट आहे. मग पाणी गार का होत नाही?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रयोग पुन्हा केला. पुन्हा एक पूर्णांक सात. त्या रात्री जेवताना तिने पप्पांना विचारलं. पप्पांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं, "मशीनवर संशय घ्यायच्या आधी मोजणाऱ्यावर घे. तापमान मोजणारा तो सेन्सर बर्फात बुडव. बर्फाच्या पाण्यात शून्याच्या आसपास दाखवला तर खरा, नाहीतर खोटा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॅब उघडून द्यायला तिने दशरथ मामांना गळ घातली. दशरथ मामा म्हणजे लॅबचे असिस्टंट. बावीस वर्षं तिथेच, प्रत्येक नट त्यांच्या ओळखीचा. सिद्धेशने कॅन्टीनच्या ज्यूसवाल्याकडून ग्लासभर बर्फ आणला. टाकीतला सेन्सर काढून दीप्तीने बर्फाच्या पाण्यात धरला. पॅनेलवरचा आकडा खाली खाली येत गेला आणि अकरावर थांबला. त्यांनी पाच मिनिटं वाट पाहिली. अकरा.

"आता उकळतं पाणी," ती म्हणाली.

कॅन्टीनच्या किटलीतलं पाणी आणून मामांच्या शेगडीवर पुन्हा खळखळ उकळवलं. आकडा अठ्ठ्याहत्तरच्या वर सरकेना.

सिद्धेशने टेबलावर थाप मारली. "अगं, अकरा ते अठ्ठ्याहत्तर, म्हणजे हा तर शंभरातले सदुसष्टच मोजतोय!"

आणि गंमत म्हणजे मुंबईच्या उन्हाळ्यात लॅबमध्ये तेहतीस डिग्री तापमान असायचं, तेव्हा तो बरोबर तेहतीसच दाखवायचा. खोट तिथे झाकली जायची. चालू करताना कोणी बघितलं तर सेन्सर ठणठणीत.

"मला ठाऊक होतं ते," दशरथ मामा हळूच म्हणाले. "दोन वर्षं झाली. सांगून ठेवलंय मी वर. बघू, बघू म्हणतात."

दीप्तीने तिथेच बसून हिशेब दुरुस्त केला. सेन्सर जेवढं कमी मोजत होता तेवढं भरून काढलं, तर मशीनचा खरा सीओपी अडीचच्या जरा वर जात होता, दोन पूर्णांक चोपन्न. पीडीएफमधला तीन पॉइंट बेचाळीस बहुधा मशीन नवी असतानाचा. त्यानंतर कोणी मोजलंच नव्हतं, नुसतं उतरवलं होतं.

सिद्धेश तिच्याइतकाच खूश झाला. त्यानेही आपल्या कच्च्या पानावर सगळी रीडिंग्ज, वेळा, बर्फाचा आणि उकळत्या पाण्याचा आकडा लिहून घेतला. "आपण दोघं सेम लिहायचं," तो म्हणाला. "वेगळं पान जोडायचं, सेन्सर खोटा आहे म्हणून. एकटी पडू देणार नाही तुला, टेन्शन नको घेऊ."

तिने टेन्शन घेतलं नाही.

जर्नल तपासायला दिलं तेव्हा खानोलकर सरांनी ते जास्तीचं पान दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. "हुशारीचं काम केलंस, गमरे. खरंच. पण हे पान सध्या काढलंस तर बरं. पुढच्या मंगळवारी बाहेरची कमिटी येतेय लॅब बघायला."

"सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, दिसेल ते लिहा."

सरांनी पेन उचललं. मग हसले, पानाखाली सही केली आणि तारीख घातली. "ठेव मग. बघू." ती लॅबमधून अक्षरशः तरंगत बाहेर पडली. सर आपल्या बाजूचे आहेत, असंच तिने घरी सांगितलं. पप्पांनी ती सही मोबाइलच्या उजेडात बघितली आणि गाळ्यातल्या शेजाऱ्यांनाही सांगून आले.

मंगळवारी कमिटी आली. तिघंजण होते, त्यातले एक पांढऱ्या केसांचे, दुसऱ्या कुठल्याशा कॉलेजातले जुने प्राध्यापक. ते रिगपाशी थांबले आणि गठ्ठ्यातून चार-पाच जर्नलं काढून चाळू लागले. चार जर्नलांत तीन पॉइंट बेचाळीस, पाचव्यात एक पूर्णांक सात आणि पुढे जोडलेलं पान. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "गमरे कोण?"

दीप्ती पुढे झाली.

"हे तू स्वतः केलंस?"

"हो सर. बर्फात आणि उकळत्या पाण्यात सेन्सर चेक केला. परब माझ्याबरोबर होता. टाइम त्यानेच घेतला."

"परब?"

सिद्धेश तिच्या मागे दोन पावलांवर उभा होता. त्या प्राध्यापकांनी गठ्ठ्यातून त्याचं जर्नल शोधून उघडलं. दीप्तीलाही ते पान दिसलं. नवंकोरं, रेघा पट्टीने मारलेल्या, अक्षर मोत्यासारखं. खाली लाल चौकटीत सीओपी, तीन पॉइंट बेचाळीस.

"तू होतास का रे हिच्याबरोबर?"

"नाही सर," सिद्धेश म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "त्या दिवशी मी ॲबसेंट होतो."

दीप्तीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती वळून त्याच्याकडे बघत राहिली, पण त्याने मान वर केली नाही. मग तिने खानोलकर सरांकडे बघितलं. सर पुढे आले आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "मुलगी मेहनती आहे, सर. फक्त घाई करते. सेन्सर्स आमचे कॅलिब्रेट केलेले आहेत. हे पान माझ्या नजरेतून सुटलं."

"सर, तुम्ही सही केलीय," दीप्ती म्हणाली.

"साठ जर्नलं असतात, गमरे."

तिने दशरथ मामांना शोधलं. ते कॉम्प्रेसरपाशी पाठमोरे उभे राहून आधीच स्वच्छ असलेला गेज फडक्याने पुसत होते. पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांनी जर्नल मिटलं, गठ्ठ्यावर ठेवलं आणि ते इंजिनाकडे वळले. सगळं मिळून पाच मिनिटंही झाली नसतील.

दुपारी विभागप्रमुख मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. रीडिंग बनवल्याचा आणि कमिटीसमोर विभागाची शोभा केल्याचा ठपका होता. गुरुवारपर्यंत माफीचं पत्र द्यायचं, विषय संपला. नाही दिलं, तर प्रॅक्टिकल मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा करायचं, आणि तोपर्यंत टर्मवर्कचे मार्क अडकलेले असल्यामुळे उन्हाळी ट्रेनिंगच्या यादीतून नाव बाद. भिवंडीजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तिचं ट्रेनिंग ठरलं होतं. तिने त्यासाठी सेफ्टी शूजसुद्धा घेऊन ठेवले होते.

सिद्धेश फोन उचलत नव्हता. बुधवारी कॉलेजलाही आला नाही. तेव्हा ती सरळ बोरीवलीला त्याच्या घरी गेली.

प्रेमाकाकू तव्यासमोर होत्या. हिला बघून त्यांचं तोंड फुललं. "ये गो बाय, बस. जेवलंस काय? सिद्धेश डबे देऊक गेलो हा, येतलोच इतक्यात." पंख्याखाली स्टूल सरकवून त्यांनी तिच्या हातात गरम पोळी आणि गुळाचा खडा दिला. दीप्तीने ते हातातच धरून ठेवलं. काकू बोलतच होत्या. पोराचं वर्ष जाणार म्हणून महिनाभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. हजेरी कमी पडली होती, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं होतं. सकाळचे डबे कोण पोचवणार, त्यांना तर गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. "पण तुमचे ते सर, देवमाणूस गो. शुक्रवारी बोलवून घेतल्यानी आणि तेचा नाव यादीतसून काढल्यानी. आता परीक्षेक बसतलो."

"शुक्रवारी?" दीप्तीने विचारलं.

"होय तर. त्याच रात्री बसान सगळा जर्नल नव्यान लिवल्यान. मी म्हटलंय, कित्याक रे आता? तर म्हणता, अक्षर बरा नाय होता."

शुक्रवार. म्हणजे शनिवारी दोघांनी कॉलेजच्या गेटसमोर सँडविच खाल्लं तेव्हा त्याला माहीत होतं. सोमवारी संध्याकाळी त्याने फोन करून 'उद्या कमिटी, घाबरू नकोस हां' म्हटलं, तेव्हाही त्याला माहीत होतं. ती मनात दिवस मोजत होती आणि प्रत्येक दिवशी तो काय बोलला, कसा हसला, ते तिला आठवत होतं. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे. कमिटीसमोर तो घाबरला असता तर तिने कदाचित समजून घेतलं असतं. हा चार दिवस आधीच ठरवून बसला होता आणि रोज तिच्याबरोबर हसत होता.

रिकाम्या डब्यांची पिशवी घेऊन सिद्धेश आला आणि तिला बघून दारातच थबकला. दोघं बाहेर जिन्यात गेली.

"आईला काही बोललीस?"

"नाही."

त्याने सुटकेचा श्वास टाकला, आणि ते बघून तिला आणखी राग आला.

"माझी हजेरी अठ्ठावन्न टक्के होती, दीप्ती. वर्ष गेलं असतं. सर म्हणाले तू फक्त बाकीच्यांसारखं जर्नल लिही, बाकी मी बघतो. मला वाटलं कमिटी जर्नल उघडणारच नाही. कोण उघडतं?"

"मला सांगायचंस ना. शुक्रवारी फोन करून सांगायचंस, मी असं असं केलंय. मी माझं नाव एकटीचं घातलं असतं. तुझं नाव तरी घेतलं नसतं तिथे."

त्याने हातातली पिशवी पायरीवर ठेवली.

"सांगितलं असतं तर मी सरांना विचारलं असतं, म्हणून नाही सांगितलंस. हो ना?"

"यार, मी काय करू सांग ना आता."

ज्या दिवशी तो खरोखर लॅबमध्ये हजर होता, तोच दिवस त्याने स्वतःच्या तोंडाने गैरहजर लावून घेतला होता. हे तिच्या मनात आलं. सिद्धेश घरात गेला आणि चार घड्या घातलेला एक कागद घेऊन आला. त्याचं कच्चं पान. त्याच्या हाताने लिहिलेल्या वेळा, बर्फ अकरा, उकळतं अठ्ठ्याहत्तर, वर तारीख.

"हे मी फाडलं नाही. मॅडमना दाखव. तू सुटशील."

तिने कागद उघडून बघितला. हा दाखवला तर ती सुटणार होती आणि याचं नाव पुन्हा यादीत जाणार होतं, बहुतेक त्याहून वाईट काहीतरी. आत प्रेमाकाकू कोणालातरी फोनवर उद्याची भाजी सांगत होत्या.

"तू दाखव," ती म्हणाली.

"मी कसं...?"

"तुझं अक्षर आहे. तू जा आणि सांग, मी होतो म्हणून. मी दाखवलं तर ते तुझं खरं बोलणं नाही होणार, मी तुला पकडून दिलं असं होईल. आणि तू आयुष्यभर म्हणशील, दीप्तीने माझं वर्ष घालवलं." तिने घडी घालून कागद त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. "उद्या चारपर्यंत मॅडम केबिनमध्ये असतात."

घरी तिने सगळं सांगितलं. पप्पा उठलेच, "मी येतो माझा मीटर घेऊन. सगळ्यांसमोर बर्फात बुडवून दाखवतो." तिने त्यांना हाताला धरून खाली बसवलं. मग ते बराच वेळ पायाची नखं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "पत्र दिलंस तर ट्रेनिंग मिळेल. माझ्याकडून तुला सूट आहे, दे. लोक देतात. मी पण गिऱ्हाइकांची मागितलीय माफी, चूक नसताना." थोडं थांबून त्यांनीच विचारलं, "पण त्यात लिहायचं काय? बर्फात शून्य दाखवलं असं?"

गुरुवारी ती केबिनबाहेरच्या बाकावर बसून राहिली. दुपारी तीन वाजता सिद्धेश कॉरिडॉरच्या टोकाला दिसला. तिला बघून थांबला. खिशाला हात गेला. मग त्याला कोणीतरी हाक मारल्यासारखा तो वळला आणि जिना उतरून गेला. हाक कोणी मारली नव्हती. चार वाजून दहा मिनिटांनी दीप्ती आत गेली आणि म्हणाली, "मॅडम, मी रिपीट करेन."

मे महिन्यात लॅब रिकामी होती. ती, दशरथ मामा आणि खानोलकर सर. पंख्याखाली खुर्ची टाकून सर पेपर वाचत होते. दीप्ती टाकीपाशी वाकली आणि तिच्या लक्षात आलं, सेन्सर नवा होता. वायरचं पांढरं आवरणसुद्धा अजून मळलं नव्हतं. तिने मामांकडे बघितलं. मामांनी मान खाली घातली. "एप्रिलच्या शेवटी बसवला," ते पुटपुटले. "तू दाखवलंस तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं, पोरी. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

तिने वही उघडली. स्टॉपवॉच तिने स्वतःच धरलं, रीडिंग स्वतःच घेतलं. एकटीने करताना दोनदा धांदल झाली, पण तासाभरात हिशेब पूर्ण झाला. सीओपी आला दोन पूर्णांक बावन्न.

तिने वही सरांसमोर ठेवली. सरांनी आकडा बघितला. मग पान मागे उलटून तिचं जुनं जोडलेलं पान बघितलं, जिथे तिने मार्चमध्ये दोन पूर्णांक चोपन्न लिहिलं होतं आणि खाली त्यांचीच सही होती. ते त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत बसले.

"आला बरोबर," ते म्हणाले. "चला, मिटलं एकदाचं."

"सर, सेन्सर बदलला असं कुठे लिहिलंय का?"

"त्याची काय गरज आहे?"

"माझ्या नावावर रीडिंग बनवल्याचं लिहिलंय."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. क्षणभर तिला वाटलं ते लिहितील. "गमरे, तुझ्यापुढे अख्खं करिअर आहे," ते म्हणाले. "इतकं धरून बसायचं नसतं." आणि त्यांनी नव्या पानावर सही केली, पास होण्यापुरते मार्क घातले आणि पेपर पुन्हा उघडला.

मार्क कमी पडल्याचं तिला वाटलं नाही. तिला वाटत होतं, या माणसाला निदान माझ्याकडे बघायला जड जाईल. त्यांना तेही जड गेलं नव्हतं.

जूनमध्ये नवीन सेमिस्टरच्या बॅचेस पडल्या. सिद्धेश पास झाला होता, तोही तिच्याच बॅचमध्ये होता. पार्टनरची नावं लिहायचा कागद फिरत फिरत आला तेव्हा तो पुढच्या बाकावरून मागे वळला आणि काहीतरी विचारायला त्याने तोंड उघडलं. दीप्तीने आपल्या नावापुढे सपना जाधव असं लिहिलं. ही मुलगी डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आली होती. दोघी जेमतेम तोंडओळखीच्या. कागद पुढे देताना ती सिद्धेशला म्हणाली, "काकूंच्या गुडघ्यांना आता कसं आहे?"

"बरं आहे," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि सपनाला विचारू लागली की तिच्याकडे कॅल्क्युलेटर कुठला आहे.